चिटणिसाचा कोरा कागद

शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. महाराजांनी एका नाजूक पत्राचा आशय त्यांना सांगितला आणि रात्रीपर्यंत पत्र तयार ठेवायला फर्मावलं. दिवसभराच्या रगाड्यात ते लिहायचं राहूनच गेलं. रात्री महाराजांनी पत्र वाचायला सांगितलं. बाळाजींनी कागद उलगडला आणि मायन्यापासून शेवटच्या ‘बहुत काय लिहिणे’पर्यंत कुठेही न अडखळता वाचून दाखवला. मशाल धरून उभ्या असलेल्या हुजऱ्याला मात्र हसू आवरेना, कारण त्याला दिसत होतं की कागद कोरा आहे. बिंग फुटलं. मग महाराजांनी समोर बसवून पत्र लिहून घेतलं, तर ते मघाशी ‘वाचलं’ होतं अगदी तसंच उतरलं.

गोष्ट खरी की मागाहून रचलेली, ते इतिहासाच्या अभ्यासकांनी ठरवावं. मला ती आठवते ती त्या कागदामुळे. कागद कोरा, पण डोकं भरलेलं. 2025 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबनं एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला, तो वाचताना मला राहून राहून हा चिटणीस दिसत होता. तिथे सगळं नेमकं उलटं झालं होतं.

नतालिया कोस्मिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन परिसरातले 54 जण निवडले आणि 18-18 चे तीन गट केले. तिन्ही गटांना निबंध लिहायचे होते, प्रत्येकी वीस मिनिटांत. पहिल्या गटाला चॅटजीपीटी वापरायची मुभा होती, दुसऱ्याला नेहमीचं शोधयंत्र, तिसऱ्याला काहीच नाही, फक्त स्वतःचं डोकं. लिहिताना सगळ्यांच्या डोक्यावर मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारी टोपी होती. चॅटजीपीटीच्या गटाच्या मेंदूतल्या वेगवेगळ्या भागांचा आपापसातला संवाद सर्वांत क्षीण निघाला, आणि वर्तमानपत्रांनी मथळे केले ते त्याचेच. माझं लक्ष वेधलं ते एका साध्या प्रश्नानं. निबंध संपल्यावर प्रत्येकाला विचारलं होतं, तुम्ही आत्ताच लिहिलेल्या निबंधातलं एक वाक्य सांगाल का? चॅटजीपीटीच्या गटातल्या 18 पैकी 15 जणांना ते नीट सांगता आलं नाही. उरलेल्या दोन्ही गटांत असे फक्त दोन-दोन जण होते.

कागद भरलेला, डोकं कोरं.

हा अहवाल बाहेर आला तेव्हा इतर तज्ज्ञांच्या तपासणीतून गेलेला नव्हता, आणि 54 ही संख्या काही मोठी नाही. ‘यंत्रामुळे मेंदू सडतो’ असा निष्कर्ष त्यातून काढणारे लोक अहवाल न वाचता, बहुधा यंत्राकडून त्याचा सारांश करून घेऊन बोलत असावेत. पण वाक्य न आठवण्याची गोष्ट मला पटली, कारण तिच्यामागचं कारण मानसशास्त्राला फार आधीपासून ठाऊक आहे. 1978 मध्ये नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ या दोघांनी एक सोपा प्रयोग केला. काही लोकांना शब्दांच्या जोड्या नुसत्या वाचायला दिल्या. काहींना जोडीतला एक शब्द पूर्ण आणि दुसऱ्याचं फक्त पहिलं अक्षर दिलं, बाकीचा शब्द त्यांनी हुडकायचा. हुडकलेले शब्द वाचलेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहिले. शब्द तेच होते, फरक होता तो आतून काढण्याचा. विहिरीतून स्वतः शेंदलेलं पाणी आणि दारात आलेल्या टँकरचं पाणी, चवीला सारखंच लागेल. पण विहीर किती खोल आहे हे शेंदणाऱ्यालाच कळतं.

यावर एक आक्षेप लगेच येतो. दुसऱ्याकडून लिहून घेणं ही का नवी गोष्ट आहे? आपली तर सगळी परंपराच लेखनिकांची. ज्ञानेश्वरांनी नेवाशात सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, ते 1290 साल. तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणारे संताजी जगनाडे. रामदासांचे कल्याणस्वामी. ‘केसरी’चे अग्रलेख टिळक कित्येकदा फेऱ्या मारत तोंडी सांगत आणि लेखनिक लिहून घेई. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. जात्यावर, शेतात त्यांच्या ओठी आलेलं मुलानं, सोपानदेवांनी टिपून ठेवलं म्हणून 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर वर्षभरानं, ते पुस्तकात आलं. मग बहिणाबाईंनी ‘लिहिलं नाही’ असं म्हणायचं का?

मुळीच नाही. हात कुणाचा, याला महत्त्व नाही. शब्द कुठे जन्मला, एवढाच प्रश्न आहे. या सगळ्या उदाहरणांत शब्द सांगणाऱ्याच्या आत जन्मले आणि लेखनिकानं ते झेलले. चॅटजीपीटीला आपण ‘माझा लेखनिक’ म्हणतो तेव्हा नकळत भूमिकांची अदलाबदल झालेली असते. सांगणारं असतं ते यंत्र. आपण ते झेलतो, चिकटवतो आणि खाली नाव घालतो. लेखनिक आपणच झालेलो असतो.

आणि लेखनिक म्हणूनही आपण फारसे चांगले ठरत नाही. महाभारत लिहून घ्यायला गणपती बसला तेव्हाचा करार आठवा. गणपतीची अट अशी, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. व्यासांना पुढचं सुचायला वेळ हवा असला की ते एखादा गाठीचा श्लोक टाकायचे आणि साक्षात बुद्धीची देवता क्षणभर विचारात पडायची. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 अशी जवळजवळ अर्धं शतक खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा पंडितांनी हा प्रसंग मूळ संहितेतून काढून परिशिष्टात नेला. जुन्या पोथ्यांचा आधार त्याला पुरेसा नव्हता. म्हणजे ही गोष्ट कुणीतरी मागाहून घातली, आणि मला वाटतं ज्यानं घातली त्याला लिहिण्याचा धंदा आतून माहीत असणार. कारण दोन्ही अटी लिहिणाऱ्याच्याच आहेत. थांबू नकोस, आणि कळल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. या दोन अटींच्या ओढाताणीलाच लिहिणं म्हणतात. यंत्र पहिली अट लीलया पाळतं. दुसरी त्याच्या करारात नाही, आणि त्याचा मजकूर उचलताना आपणही ती आपल्यावर घालून घेत नाही.

ही ओढाताण म्हणजे नेमकं काय, हे पाहण्याचा प्रयत्न अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी केला. लोकांना लिहायला बसवायचं आणि लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगायचं, अशी त्यांची पद्धत होती. 1981 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष लिहिणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. तोवर पाठ्यपुस्तकं सांगत की आधी विचार, मग आराखडा, मग लेखन, मग दुरुस्ती. प्रत्यक्षात माणसं असं लिहीतच नव्हती. अर्धं वाक्य लिहायचं, ते डोळ्यांसमोर आलं की आपल्याला दुसरंच काही म्हणायचं होतं असं ध्यानात यायचं, मग उद्देशच बदलायचा, आराखडा मोडायचा. कॅनडातल्या कार्ल बेराइटर आणि मार्लीन स्कार्डामालिया यांनी 1987 मध्ये याला आणखी धार दिली. लिहिणारे दोन तऱ्हेचे, असं त्यांचं म्हणणं. एक डोक्यात आहे ते क्रमानं ओतून मोकळे होतात. दुसरे लिहिता लिहिता डोक्यातलंच बदलून टाकतात. त्यांना काय म्हणायचं आणि ते कसं म्हणायचं हे दोन प्रश्न एकमेकांना धक्के देत राहतात. शब्द बसत नाही म्हणून विचार तपासावा लागतो, आणि तपासल्यावर कळतं की विचारच कच्चा होता.

हे मला शिकवण्याच्या कामात फार वेळा दिसलं. विद्यार्थी म्हणतो, सर, मला कळलंय, फक्त मांडता येत नाही. दहापैकी नऊ वेळा त्याला कळलेलं नसतं. हे मी त्याला खिजवायला म्हणत नाही, माझंही तसंच होतं. न लिहिलेला विचार खिडकीबाहेरच्या धुक्यासारखा असतो, सगळा डोंगर दिसल्यासारखा वाटतो. लिहायला घेतलं की पहिल्याच ‘म्हणून’पाशी पाय घसरतो. हे खरं आहे, म्हणून ते खरं आहे. अरे, पण कशावरून? हा ‘म्हणून’ यंत्राला दिला तर ते गुळगुळीत पूल बांधून देतं आणि आपण खाली न बघता पलीकडे जातो.

टिळकांचं उदाहरण इथे मोठं बोलकं आहे. 1872 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, शेवटच्या आजारात असलेल्या वडिलांना गीतेवरची एक प्राकृत टीका ते वाचून दाखवत. तेव्हापासून गीता नेमकं काय सांगते हा प्रश्न त्यांच्या मागे लागला. ‘गीतारहस्य’ मात्र लिहिलं गेलं मंडालेच्या तुरुंगात, 1910-11 च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीनं. अडतीस वर्षांचं मनन, आणि एका हिवाळ्याचं लेखन. 1914 च्या जूनमध्ये ते सुटले तेव्हा हस्तलिखिताच्या वह्या सरकारनं स्वतःकडे ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील की नाही, अशी काळजी लोक करू लागले, तेव्हा टिळक म्हणाले म्हणतात की वह्या सरकारकडे असतील, ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढीन. पुढे वह्या मिळाल्या आणि 1915 मध्ये पुस्तक निघालं, त्यामुळे सिंहगडावर जायची वेळ आली नाही. पण त्यांनी ते लिहून काढलं असतं याबद्दल तेव्हाही कुणाला शंका नव्हती. बाळाजी आवजींच्या कोऱ्या कागदाला मिळालेलं हे विसाव्या शतकातलं उत्तर आहे. पेन्सिलीनं वहीत उतरलेली प्रत्येक ओळ एकाच वेळी दोन ठिकाणी लिहिली जात होती.

आता यंत्राकडे वळू, कारण त्याच्यावर खापर फोडण्याआधी ते करतं काय हे पाहायला हवं. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी लोकांसमोर आलं. त्याच्यासारख्या सगळ्या भाषायंत्रांचं मूळ काम एकच. आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढचा शब्द, खरं तर शब्दाचा तुकडा, कोणता येण्याची शक्यता किती, हे काढायचं. अफाट मजकूर वाचून त्यानं हे गणित बसवलेलं असतं. मग माणसांनी अनेक उत्तरांना बरंवाईट ठरवून त्याला आणखी वळण लावलेलं असतं, की उत्तर सुबक हवं, समजूतदार हवं, कुणाला न दुखावणारं हवं. शक्यता जास्त असलेल्या वाटेनं जाणं त्याच्या हाडीमाशी आहे.

‘पहिला पाऊस पडला आणि’ एवढं लिहून थांबा. पुढे काय येईल? मातीचा सुगंध दरवळला. मृद्गंधाशिवाय मराठीत पाऊस पडतच नाही. यंत्र खोटं बोलत नाही, मजकुराच्या त्या महापुरात खरोखर बहुतेकांनी तेच लिहिलेलं आहे. पण मराठवाड्यात कोरडवाहू सोयाबीन करणारा माणूस पहिल्या पावसात नाक वर करून उभा नसतो. तो बांधावर उकिडवा बसून माती उकरतो, ओल किती खोल गेली ते बोटानं बघतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. इकडे शेजाऱ्याची पाभर निघालेली असते. पेरलं आणि पावसानं ओढ दिली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा. कोकणातल्या बाईच्या डोक्यात त्याच क्षणी लाकडं झाकली का, पडवीतली सुकी मासळी आत घेतली का, हे चाललेलं असतं. तिचं ‘पहिला पाऊस पडला आणि’ निराळ्याच गावी जाऊन थांबतं.

यावर कुणी म्हणेल, दुबार पेरणीबद्दल लिहायला सांगितलं तर यंत्र तेही लिहील. लिहील की. पण ते सांगायला कुणाला तरी आधी बांधावर बसावं लागलं. आणि आपण बांधावर बसलो होतो हेच आपल्याला पुष्कळदा लिहिता लिहिता आठवतं. ‘दरवळला’ हा शब्द तयार होऊन समोर आला की ती आठवण वर यायचं कारणच उरत नाही. वाक्य पूर्ण झालेलं असतं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 मध्ये एक अभ्यास मांडला, तो या बाबतीत आपल्या फार जवळचा आहे. भारत आणि अमेरिका या दोन देशांतल्या 118 जणांना त्यांनी आपल्या संस्कृतीविषयी इंग्रजीत लिहायला सांगितलं. आवडता पदार्थ, आवडता सण, असे विषय. काहींना लिहिताना पुढचे शब्द सुचवणारं यंत्र दिलं. आवडत्या पदार्थासाठी सूचना आली पिझ्झाची, सणासाठी नाताळची. दोन्ही देशांतल्या लोकांचं लिहिणं यंत्रामुळे एकमेकांसारखं होत गेलं, पण सरकलं ते मुख्यतः भारतीयांचं, अमेरिकी वळणाकडे. भारतीयांना सूचना दुरुस्त करण्यातही जास्त वेळ घालवावा लागला. म्हणजे यंत्रानं वाचवलेल्या वेळातूनही आपल्या वाट्याला कमीच आलं.

ही इंग्रजीतली गत. मराठीचा तर इंटरनेटवरचा मजकूरच नगण्य आहे. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख भरले, देशात तिसरा क्रमांक. पण जगभरच्या संकेतस्थळांवरच्या मजकुरात मराठीचा वाटा एक टक्क्याच्या आसपासही पोचत नाही. शिवाय जे आहे त्यात बातम्या, सरकारी परिपत्रकं आणि कच्ची भाषांतरं यांचा भरणा. माजघरात, बाजारात, एसटीच्या रांगेत बोलली जाणारी मराठी तिथे फारशी पोचलेलीच नाही. म्हणून यंत्राच्या मराठीला एक विशिष्ट वास येतो. ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे’ असं वाक्य माझ्या आजीनं जन्मात उच्चारलं नसेल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1930 च्या दशकात आली ती घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीत. लग्नानंतर अक्षरं शिकलेली ही बाई आज यंत्राला मसुदा दाखवती तर त्यानं अत्यंत आदरपूर्वक तिची सगळी वाक्यं सरळ केली असती.

एकेक लेख सुधारतो आणि सगळे मिळून बिघडतात, असं होऊ शकतं का? 2024 मध्ये अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउसर यांनी नेमकं हेच पाहिलं. सुमारे तीनशे जणांकडून त्यांनी अगदी छोट्या गोष्टी लिहून घेतल्या. ज्यांना यंत्राकडून कल्पना मिळाल्या त्यांच्या गोष्टी वाचकांना सरस वाटल्या, विशेषतः मूळचा हात फारसा चालत नसलेल्यांच्या. पण त्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर एकमेकींसारख्या होत्या. प्रत्येकाचा फायदा आणि सगळ्यांचं नुकसान. गावातल्या प्रत्येकानं आपापली बोअर खोल नेली की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

आपल्याकडे मात्र हे यंत्र यायच्या कितीतरी आधी पाया खोदून ठेवलेला होता. ‘निबंध’ या शब्दाला मराठीत वजन आणलं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. 1874 मध्ये, चोविसाव्या वर्षी त्यांनी ‘निबंधमाला’ काढली आणि सात वर्षांत 84 अंक जवळजवळ एकहाती लिहिले. त्यांची मतं पटोत न पटोत, प्रत्येक ओळीखाली ते स्वतः उभे असत. त्यानंतर शंभरएक वर्षांत आपण निबंधाचं काय केलं? झाडाचं मनोगत, परीक्षा नसत्या तर, मी पाहिलेला अपघात. अपघात कुणीच पाहिलेला नसे. गाईडमधला अपघात सगळे पाठ करत, आणि वर्गातल्या साठ वह्यांमध्ये एकच ट्रक एकाच सायकलस्वाराला उडवत असे. आम्ही त्यावर दहापैकी सात गुण घेतले. ज्यानं खरोखर पाहिलेलं काही लिहिलं त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या. आज मुलांनी यंत्राकडून निबंध लिहून घेतला म्हणून जे शिक्षक कपाळाला हात लावतात, त्यांच्या टेबलावरचं गाईड मला आठवतं. यंत्र म्हणजे तेच गाईड, फक्त पानं न संपणारं.

इतकं बोलल्यावर हेही सांगायला हवं की मी स्वतः यंत्र वापरतो. तहसील कार्यालयातला अर्ज, बँकेला द्यायचं स्मरणपत्र, माहिती अधिकारातला प्रश्न नेमक्या चौकटीत बसवणं, यात माझ्या आतून काही यावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. पेशवाईतल्या कारकुनालाही कुणाला कोणता मायना घालायचा याचे तक्ते तयार मिळत, आणि ते योग्यच होतं. मुंबईच्या जीपीओसमोर पत्रलेखक बसायचे. गिरणीतल्या, गोदीतल्या माणसानं मजकूर सांगायचा, त्यांनी लिहून, मनिऑर्डरीचा फॉर्म भरून द्यायचा. ज्याला इंग्रजी शाळा मिळाली नाही, त्याच्या अर्जातली इंग्रजी आज यंत्रानं नीट करून दिली, तर ‘स्वतः लिही’ हा उपदेश त्याला करणारा मी कोण? इंग्रजीच्या जोरावर पिढ्या खाल्लेल्यांनी तरी तो करू नये.

गडबड होते ती अर्जाची सवय अर्ज नसलेल्या ठिकाणी लागते तेव्हा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी गुगलची एक जाहिरात आली होती. एका लहान मुलीला अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन फार आवडते. तिला पत्र लिहायचं आहे, तर बाबा ते गुगलच्याच जेमिनी या यंत्राकडून लिहून घ्यायला जातो. लोक असे काही खवळले की कंपनीला ऑलिंपिकमधून ती जाहिरात मागे घ्यावी लागली. यंत्रानं पत्र वाईट लिहिलं असतं असं कुणाचं म्हणणं नव्हतं. पण त्या पत्राचं मोल ‘स’ उलटा काढण्यात आणि शेवटी जागा न उरल्यामुळे नाव कोपऱ्यात कोंबण्यात होतं, हे न सांगता सगळ्यांना कळलं.

एमआयटीच्या त्या अभ्यासात शेवटची एक फेरी होती, तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. चौथ्या खेपेला 18 जण परत आले आणि त्यांच्या जागा बदलल्या. आधी यंत्रानं लिहिणाऱ्यांना आता स्वतः लिहायचं होतं, आणि आधी स्वतः लिहिणाऱ्यांच्या हाती यंत्र दिलं. पहिल्यांच्या मेंदूतली हालचाल मंदच राहिली. दुसऱ्यांचा मेंदू मात्र यंत्र हाती येऊनही भरपूर कामाला लागलेला दिसला. अठरा जणांवरून कायदा करता येत नाही, पण माझा अनुभव याच्याशी जुळतो. आधी स्वतः लिहिलेलं असलं की यंत्राशी भांडता येतं. मी पहिला खर्डा पाठकोऱ्या कागदावर करतो, वाईट करतो, खाडाखोडीसकट. तो पुरा झाल्यावर कधीकधी यंत्राला विचारतो, यातला कुठला मुद्दा लंगडा आहे ते दाखव. दहा दाखवतं, त्यातले दोन खरे असतात, आणि ते दोन मला झोंबतात. नवीन वाक्य मात्र त्याच्याकडून घेत नाही. एकदा घेतलं होतं. छापून आल्यावर एका वाचकानं नेमक्या त्याच वाक्याचं कौतुक केलं, आणि मला आभार कुणाचे मानायचे ते कळेना.

गेल्या वर्षी माझी आत्या गेली. दहाव्याच्या आदल्या रात्री आत्येभावानं घरच्या ग्रुपवर चार परिच्छेदांचा मजकूर टाकला. मायाळू, कष्टाळू, सर्वांना सामावून घेणारी, जिच्या हाताला चव होती अशी माउली. आम्ही सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. वाचताना मला कुणाची तरी आठवण येत होती, फक्त ती आत्याची नव्हती. आमची आत्या स्वयंपाकाला कंटाळायची आणि तसं बोलून दाखवायची. माणसांना सामावून घेण्यापेक्षा त्यांची खोड काढण्यात तिला जास्त रस होता.

रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

“अरे, ते मी मोबाइलकडून लिहून घेतलं होतं. उद्या वाचून दाखवायचंय, आणि मला ते वाचवत नाहीये. ते आईबद्दल नाहीच. आता स्वतःच लिहायला बसलोय, पण तीन ओळींच्या पुढे सरकत नाही.”

“कुठल्या तीन ओळी?”

“ती नळाचं पाणी यायच्या आधी उठून रेडिओ लावायची, इथवर आलोय. तो रेडिओ कुठे असायचा रे? मला वाटतंय फडताळात. पण फडताळात असता तर तिथून तिला ऐकू कसा आला असता?”

मलाही आठवेना. मी म्हटलं, खिडकीत, तांब्याच्या शेजारी. तो म्हणाला, छे, खिडकीत मांजर बसायचं. मग त्यानं धाकट्या मावशीला उठवलं. मावशी म्हणाली, रेडिओ बिघडलेलाच होता, ती स्वतःच गायची.